नाल्याच्या गढूळ पाण्याचा हिशेब

(नरडाणा, ता. शिंदखेडा, जि. धुळे येथे खरीप हंगामापूर्वी भरलेल्या शेतकरी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मृग तोंडावर आला आहे. बियाण्याची, खताची, पाभर-वखराची जुळवाजुळव चालू असताना आपण वेळ काढून आलात, याबद्दल आभारी आहे. आजचा विषय आहे नदीखोऱ्यातील मातीची धूप व पाण्याची प्रत यांचा संगणकावर काढलेला हिशेब. विषय ऐकून काहींच्या कपाळावर आठी पडली असेल. म्हणून संगणक बाजूला ठेवतो आणि आधी ही बाटली दाखवतो.

ही एक लिटरची साधी बाटली आहे. गेल्या पावसाळ्यात कपाशीच्या शेतातून नाल्याला मिळणाऱ्या पाण्याने ती भरून ठेवली. भरली तेव्हा पाणी चहासारखे होते. आता वर पाणी निवळले आहे आणि तळाशी गाळाचा थर बसला आहे. हा गाळ वाळवून सोनाराच्या काट्यावर तोलला आणि समजा तो दहा ग्रॅम भरला. दहा ग्रॅम म्हणजे चिमूटभर माती. आता पुढचा गुणाकार करा. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर. एका जोरदार पावसात शेतातून ५० मिलिमीटर पाणी वाहून गेले, तर ते झाले पाच लाख लिटर. दर लिटरला दहा ग्रॅम धरले, तर पाच टन माती गेली. ती एका हेक्टरातून, एकाच पावसात गेली. शेतात सेंद्रिय कर्ब अर्धा टक्का असेल, तर त्या पाच टनांबरोबर पंचवीस किलो कर्ब गेला. प्रत्यक्षात नुकसान याहून जास्त असते, कारण पाणी बारीक व हलके कण आधी उचलते आणि कस त्या बारीक कणांतच असतो.

ही माती जाते कोठे?

नरडाण्याच्या पूर्वेस पांझरा, पश्चिमेस बुराई आणि उत्तरेस तापी. आपल्या शिवारातील प्रत्येक नाला शेवटी तापीला मिळतो. पांझरा मुडावदला तापीस मिळते. तेथून पुढे सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा येथील बॅरेज आणि त्यापुढे १९७२ मध्ये पूर्ण झालेले उकाई धरण. शेतातून गेलेली माती या वाटेवर जागोजागी थांबते. कधी शेजाऱ्याच्या शेतात, कधी नाल्यात, कधी बॅरेजच्या पोटात. बॅरेजमध्ये बसलेला गाळ तेवढ्या पाण्याची जागा खातो. म्हणजे उपसा सिंचनावर असलेल्या शेतकऱ्याचे उन्हाळी पाणी कमी होते. नुकसान दोन्ही बाजूंनी आपलेच.

देशाचा विचार केला तर ध्रुवनारायण आणि रामबाबू या शास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये अंदाज मांडला होता की भारतात दरवर्षी ५३३ कोटी टनांहून अधिक माती जागची हलते. सरासरीने हे प्रमाण दर हेक्टरी १६ टनांवर जाते. हललेल्या मातीपैकी सुमारे २९ टक्के समुद्राला मिळते, १० टक्के धरणांत बसते आणि उरलेली एका जागेवरून दुसऱ्या जागी पडते. दर हेक्टरी १६ टन म्हणजे शेतावरचा जेमतेम सव्वा मिलिमीटर थर. डोळ्यांना तो दिसत नाही, म्हणूनच धूप हा लपून येणारा चोर आहे. पण एक इंच माती तयार व्हायला निसर्गाला शेकडो वर्षे लागतात आणि या वेगाने ती वीस-एक वर्षांत संपते.

हिशेब कसा काढतात?

मातीची धूप मोजण्याचे काम आपल्या महाराष्ट्राला नवे नाही. सोलापूरला १९३३ पासून कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले, तेव्हाच वाहून जाणारे पाणी व माती मोजायला प्रारंभ झाला. त्या काळी उताराच्या लहान तुकड्याला चहूबाजूंनी बंदिस्त करून खाली हौद बांधत आणि प्रत्येक पावसानंतर हौदातील पाणी व गाळ मोजत. अमेरिकेतही असेच झाले. तेथे दहा हजारांहून अधिक प्लॉट-वर्षांच्या नोंदी जमल्या आणि विश्मायर व स्मिथ या शास्त्रज्ञांनी त्यातून धुपीचे एक सूत्र तयार केले. ते १९६५ मध्ये आणि सुधारून १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले.

या सूत्रात पाच गोष्टींचा गुणाकार आहे. पहिली पावसाचा जोर, दुसरी जमिनीचा झिजण्याचा स्वभाव, तिसरी उताराची लांबी व चढ, चौथी पिकाचे आच्छादन आणि पाचवी मशागत व बांधबंदिस्ती. पहिल्या दोन गोष्टी बहुतांशी निसर्गाच्या हाती आहेत. उरलेल्या तीन आपल्या हाती आहेत. गुणाकाराची गंमत अशी की त्यातला एक आकडा अर्धा केला की उत्तर अर्धे होते. तीन ते आठ टक्के उताराच्या जमिनीत उभ्या मशागतीऐवजी समपातळीवर आडवी मशागत केली, तर पाचवा आकडा १ वरून ०.५ वर येतो. याला एक पैशाचा जादा खर्च नाही, फक्त औताचे तोंड फिरवायचे असते. उताराची लांबीही अशीच महत्त्वाची आहे. पाच टक्के वा त्याहून अधिक उतारावर अखंड लांबी चौपट झाली, तर दर हेक्टरी धूप दुप्पट होते. वाटणीचे बांध मोडून ट्रॅक्टरसाठी लांब तास काढताना हे ध्यानात असावे.

हे सूत्र एका शेतापुरते झाले. पण खोऱ्यात शेकडो शेते, पडीक जमीन, वस्ती, रस्ते आणि नाले असतात. एका शेतातले पाणी दुसऱ्यात उतरते. एवढा हिशेब हाताने होत नाही, म्हणून संगणकीय प्रारूप, ज्याला आपण मॉडेल म्हणतो, ते आले. त्यातले सर्वांत प्रसिद्ध ‘स्वॅट’. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या टेक्सासमधील केंद्रात डॉ. जेफ अर्नोल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९९० च्या दशकाच्या प्रारंभी तयार केले. ते कोणालाही विनामूल्य वापरता येते. हे मॉडेल खोऱ्याचे लहान पाणलोट पाडते आणि त्यांचे एकसारखी माती, एकसारखा उतार व एकसारखे पीक असलेले तुकडे करते. मग प्रत्येक तुकड्यासाठी रोजचा जमाखर्च मांडते. पाऊस किती पडला, किती वाहिला, किती मुरला, पिकाने किती घेतला, किती माती सुटली, तिच्याबरोबर किती नत्र व स्फुरद गेले. शेवटी नदीवरील केंद्रात मोजलेल्या पाण्याशी व गाळाशी हे उत्तर ताडून पाहतात. तापीवर बऱ्हाणपूर, सारंगखेडा अशा ठिकाणी केंद्रीय जल आयोग अशी मोजणी करतो. वरच्या तापी खोऱ्यातील गाळाचा अंदाज या मॉडेलने काढण्याचा अभ्यास सुरतेच्या सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी केला व तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला.

औताची दिशा आणि पाण्याचा आकडा

मॉडेलच्या पोटातले एक गणित येथेच करून पाहू. कोणत्या जमिनीतून किती पाणी वाहील, यासाठी जमिनीला शंभरपैकी गुण देतात. गुण जितके जास्त, तितके पाणी जास्त वाहते. भारी काळ्या जमिनीत ओळीतील पीक आहे आणि एका दिवसात ७५ मिलिमीटर पाऊस पडला, असे समजा. मूळ कोष्टकाप्रमाणे उत्तर असे येते :

उताराला उभी मशागत (गुण ८९) : सुमारे ४७ मि.मी. पाणी वाहून जाते.
समपातळीवर आडवी मशागत (गुण ८६) : सुमारे ४१ मि.मी.
आडवी मशागत व जोडीला ढाळीचे बांध (गुण ८१) : सुमारे ३२ मि.मी.

पहिल्या व तिसऱ्या ओळीत १५ मिलिमीटरचा फरक आहे. म्हणजे दर हेक्टरी दीड लाख लिटर पाणी शेतात मुरले. ज्या तालुक्यात वर्षाचा पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या घरात आणि तोही लहरी, तेथे ऑगस्टच्या खंडात कपाशीला तग धरायला याच पाण्याचा आधार असतो.

मात्र हे कोष्टक अमेरिकेतील जमिनीवरून बनले आहे. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिले पाणी भेगांत जाते. भेगा बुजल्या की तीच जमीन पाणी घेईनाशी होते. म्हणून भारतात काळ्या जमिनीसाठी या गणितात दुरुस्ती करून वापरतात. परदेशी बियाणे जसे आपल्या मातीत आधी पारखून घेतो, तसेच मॉडेलही पारखून घ्यावे लागते.

पाण्याची प्रत

गढूळपणा डोळ्यांना दिसतो, पण विरघळलेले काही दिसत नाही. स्फुरद बहुतांशी मातीच्या कणाला चिकटून जातो, त्यामुळे माती थांबली की तोही थांबतो. नत्राचे तसे नाही. युरियातील नत्राचे जमिनीत नायट्रेट होते, ते पाण्यात विरघळते आणि मुरणाऱ्या पाण्याबरोबर विहिरीत उतरते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे भारतीय मानक आहे. त्यापुढे गेलेल्या पाण्यात वरचे दूध कालवून दिल्यास तान्ह्या मुलाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होते, मूल निळे पडते. उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. ज्या शेतातील विहिरीचे पाणी घरात पितात, तेथे खताची मात्रा हा पिकाबरोबर घराचाही प्रश्न आहे. येथे मॉडेल उपयोगी पडते. नत्र एकदम दिले तर किती खाली जाईल आणि तीन हप्त्यांत दिले तर किती, हे ते आधीच दाखवू शकते. पण त्यासाठी आपण किती गोण्या आणि कधी टाकल्या, हे त्याला खरे सांगावे लागते.

माझी चूक

आता एक गोष्ट सांगतो, ती माझ्या चुकीची आहे.

पदव्युत्तर शिक्षणाच्या काळात मी एका लहान पाणलोटाचे मॉडेल केले. त्या गावाने नाल्यावर मातीचा बांध घातला होता आणि तो दर पावसाळ्यात गाळाने भरत होता. गाळ कोठून येतो, असे गावकऱ्यांनी विचारले. मी संगणकावर रंगीत नकाशा काढला. माथ्यावरची बरड जमीन लालभडक आली, खालची शेते हिरवी आली. मी छातीठोकपणे सांगितले, गाळ माथ्यावरून येतो. लोकांनी विश्वास ठेवला. एक उन्हाळा श्रमदान करून माथ्यावर चर खोदले. पावसाळा आला आणि बांध पूर्वीइतकाच भरला.

मी गावात गेलो तेव्हा लोकांनी मला दोष दिला नाही. एक वयस्कर आप्पा मला भर पावसात शिवारात घेऊन गेले. दोन शेतांच्या मधून उताराने सरळ खाली येणारी जुनी गाडवाट होती. बैलगाड्यांनी आणि नंतर ट्रॅक्टरने ती कंबरभर खोल गेली होती. दोन्ही बाजूंच्या शेतांचे पाणी तिच्यात उतरत होते आणि लालसर चिखलाचा लोंढा थेट बांधात जात होता. आप्पांनी विचारले, “भाऊ, तुन्हा नकाशामा हाई गाडवाट कोठे शे?”

ती नकाशात नव्हती. कारण सोपे होते. उंचीची जी माहिती मी उपग्रहावरून घेतली, तिचा एकेक चौकोन ३० मीटर लांब व ३० मीटर रुंद होता. म्हणजे सुमारे नऊ गुंठे जमिनीला एकच उंची. त्यात तीन मीटरची गाडवाट दिसत नाही, फुटलेला बांध दिसत नाही आणि शेतकऱ्याने औत उभे चालवले की आडवे, हेही दिसत नाही. मी कोष्टकातले आकडे भरले होते, शिवारातले भरले नव्हते. परत येऊन गाडवाट नाला म्हणून मॉडेलमध्ये घातली आणि प्रत्येक शेतकऱ्याला विचारून मशागतीची दिशा भरली. तेव्हा नकाशाचा रंगच बदलला. माथ्यावरचे चर पाणी मुरवायला उपयोगी पडलेच, पण गावाचा तो उन्हाळा बांध वाचवण्याच्या कामी आला नाही. ते श्रम मी परत देऊ शकलो नाही.

पैसेवारीचा अनुभव आपणा सर्वांना आहे. पीक कापणीचा प्रयोग ज्या तुकड्यात झाला, त्यावर साऱ्या गावाचा आकडा ठरतो. तुकडा चुकला तर गाव चुकते. मॉडेलचेही तसेच आहे. आणि हा केवळ विद्यापीठातला खेळ राहिलेला नाही. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्यावर भर होता. शेजारच्या जळगाव जिल्ह्यात नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प २०१८ पासून सुरू झाला. त्यात गावाच्या पाण्याचा ताळेबंद काढण्याची संगणकीय पद्धत मुंबईच्या आय.आय.टी.ने तयार केली. म्हणजे बंधारा कोठे घ्यायचा, चर कोठे खोदायचे, हे यापुढे अधिकाधिक अशा नकाशांवरून ठरणार. नकाशा शिवारात फिरून तपासला नाही, तर पैसा एकीकडे आणि पाणी दुसरीकडे जाईल. तापीपलीकडे शिरपूर तालुक्यात श्री. सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली २००४ पासून नाले खोल-रुंद करून पाणी मुरवण्याचे मोठे काम झाले, ते आपण पाहिले आहे. असे खोल केलेले नाले गाळाने भरू द्यायचे नसतील, तर वरच्या शेतातली माती वरच अडवली पाहिजे. माथा ते पायथा हा क्रम संगणकाच्या आधीही खरा होता.

येत्या खरिपात काय करावे?

१) पेरणी व कोळपणी उताराला आडवी करा. शेत वेडेवाकडे असेल तर निदान मुख्य उताराला औत उभे जाणार नाही, एवढे पाहा.

२) भारी काळ्या जमिनीत समपातळी बांधामागे पाणी साचून पीक पिवळे पडते. तेथे ढाळीचे बांध घ्या आणि जादा पाणी गवत वाढवलेल्या सांडव्यातून नाल्याला सोडा.

३) गाडवाटा व शिवाररस्ते पाहा. पाणी रस्त्यावरून धावत असेल, तर ठरावीक अंतरावर ते बाजूच्या गवताळ चारीत वळवा. घळ पडली असेल तर दगडाचे छोटे आडवे बांध घाला. हे काम एकट्याचे नाही, दोन्ही बाजूच्या शेतकऱ्यांनी मिळून करावे.

४) कपाशीच्या दोन ओळींत मूग किंवा उडीद घ्या. जून-जुलैत जमीन उघडी असते आणि पावसाचा मोठा थेंब ताशी तीस किलोमीटरच्या आसपास वेगाने आदळतो. पान मध्ये आले की थेंबाचा मार पानावर पडतो.

५) स्फुरदयुक्त खत दोन चाड्यांच्या पाभरीने बियाण्याजवळ पेरून द्या. नत्र हप्त्याने द्या आणि जोराच्या पावसाचा अंदाज असेल तेव्हा फेकू नका. फवारणी पंप नाल्यात वा विहिरीवर धुऊ नका.

६) पिण्याच्या विहिरीचे पाणी पावसाळ्यापूर्वी एकदा व नंतर एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्या. नायट्रेटचा आकडा लिहून ठेवा.

७) गावात पाऊस मोजा. राज्यात महसूल मंडळांमध्ये दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे बसली आहेत, पण एका मंडळात एका बांधावर पाऊस आणि दुसऱ्यावर कोरडे, हे आपण रोज पाहतो. सरळ भिंतीचा, सपाट तळाचा डबा झाडा-घरापासून दूर मोकळ्या जागी ठेवा. रोज सकाळी साडेआठ वाजता पट्टीने मिलिमीटरमध्ये पाणी मोजून वहीत लिहा व डबा रिकामा करा.

८) मोठ्या पावसात शेताच्या सांडव्यावर एक लिटरची बाटली भरा. गाळ बसू द्या, वाळवा, तोला. तारीख व पाऊस त्याच वहीत लिहा. पुढच्या वर्षी मशागत बदलून पुन्हा भरा. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवल्या की कोणी सांगावे लागणार नाही.

नकाशा घेऊन कोणी कर्मचारी, विद्यार्थी किंवा माझ्यासारखा प्राध्यापक गावात आला, तर त्याला चहा पाजण्याआधी शिवारात फिरवा. गाडवाट दाखवा, फुटका बांध दाखवा, ही पावसाची वही दाखवा. आणि त्याच्या नकाशात या गोष्टी कोठे आहेत, हे विचारा. त्यात त्याचा अपमान नाही. मला तो प्रश्न एक वर्ष उशिरा विचारला गेला आणि त्या एका वर्षाचा गाळ अजून त्या बांधात आहे.

या बाटलीतील दहा ग्रॅम माती कोणाच्या शेतातली आहे, हे संगणक सांगू शकत नाही. ते आपण सांगू शकता. पहिल्या मोठ्या पावसाला बाटली घेऊन बांधावर जा, एवढी विनंती करतो आणि थांबतो.